पाहण्याआधी

मास्तरांनी रायफलचा बोल्ट काढून फडक्यावर ठेवला, नळी खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि एक डोळा मिटून आत पाहिलं. आतले पीळ स्वच्छ होते. कुठे ओरखडा नाही, गंजाचा ठिपका नाही. रायफल फिरवून त्यांनी दुसऱ्या टोकानेही पाहिलं, आणि पहिल्यांदा दिसलं तेच पुन्हा दिसलं. तरी त्यांनी डोळा लगेच काढला नाही. डोळा काढला की समोर उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं लागणार होतं.

"बस की," ते नळीतूनच म्हणाले.

"बरा आहे, मास्तर."

तो जेमतेम अठ्ठावीसचा असेल. अंगात कोठारवाल्यांचा निळा सैल कोट होता आणि त्याच्या बाह्या दोन बोटं लांब होत्या. पाच महिन्यांपूर्वीपर्यंत तो पलटणीतला पहिल्या क्रमांकाचा नेमबाज होता आणि ही रायफल त्याच्या नावावर होती. आता तो पलटणीच्या कोठारात बूट, पट्टे आणि तंबूच्या खुंट्या मोजत असे, आणि तपासणीला पाठवायच्या बंदुका घेऊन येणं हे त्याच्याच कामात मोडत होतं. म्हणून स्वतःची जुनी रायफल तो स्वतःच घेऊन आला होता, दोन प्रतींतल्या अर्जासकट. अर्जात 'तपासणीचं कारण' या रकान्यात त्याने वळणदार अक्षरात लिहिलं होतं : नेम चुकला. त्याखाली त्याला नेमबाजी शिकवलेल्या उस्तादांनी वेगळ्या शाईत एक ओळ घातली होती : बंदूक नीट पाहावी, मुलगा प्रामाणिक आहे, जरा जास्तच आहे.

मास्तर हे काही शाळेतले मास्तर नव्हते. काडतुसांच्या कारखान्याच्या चाचणी-मैदानावर ते परीक्षक होते. वर्षातून एकदा नेमबाजांच्या प्रशिक्षण शाळेत व्याख्यान द्यायला जात, तिथल्या पोरांनी त्यांना मास्तर म्हणायला सुरुवात केली आणि मग कारखान्यातही तेच रूढ झालं. घरी बायकोसुद्धा रागावली की मास्तर म्हणे.

"नळी चांगली आहे," शेवटी ते म्हणाले. "दुर्बिणीची बैठक घट्ट आहे. चापही ठीक आहे."

"मला ठाऊक होतं," नेमबाज म्हणाला. "उस्तादांनी ऐकलं नाही म्हणून आणली. बंदुकीत काही नाही, मास्तर. मीच आहे."

मग त्याने जे घडलं ते सांगितलं. अहवाल वाचावा तसं, आवाज न चढवता. थंडीतली सकाळ होती, वारा पडलेला होता. अंतर आठशे दहा मीटर, ते जोडीदाराने दोनदा मोजलं होतं. खाली उघड्या मैदानात पलटणीतले चौघंजण एका भिंतीच्या आडोशाकडे सरकत होते. समोरच्या गच्चीवर मशीनगन होती आणि तिच्यामागे एक माणूस. तो माणूस अजून गाफील होता. एक गोळी पुरली असती. नेमबाजाने ती सोडली आणि ती गच्चीच्या कठड्यावर, दीड हात खाली, दगडात बसली. माणूस गाफील राहिला नाही. दुसऱ्या गोळीने नेमबाजाने त्याला गाठलं, पण मधल्या काही सेकंदांत मैदानातल्या चौघांपैकी औषधांची पिशवी घेतलेला जो होता, तो मारला गेला. तिघं परतले.

"त्याच्या घरी मी जाऊन आलो," नेमबाज म्हणाला. "त्याच्या वडिलांनी मला जेवू घातलं. मी काही बोललो नाही. माझ्या आईला तर काहीच माहीत नाही. ती खूश आहे. म्हणते, बरं झालं, आता सावलीतलं काम मिळालं."

मास्तरांनी बोल्ट उचलला आणि पुसलेला असूनही पुन्हा पुसला.

"काडतुसं कुठल्या लॉटची होती?"

नेमबाजाने कोटाच्या खिशातून पुठ्ठ्याची चपटी डबी काढली. वीसच्या डबीत तीन उरली होती. बाजूला लॉटचा, म्हणजे एका खेपेत भरलेल्या काडतुसांचा, क्रमांक छापलेला होता. मास्तरांना चष्मा लावायची गरज पडली नाही. क्रमांक त्यांना दुरूनच ओळखू आला.

तो त्यांचाच लॉट होता.

जड गोळीचा तो पहिला लॉट. त्या गोळीसाठी मास्तर अकरा वर्षं भांडले होते. हलकी गोळी वेगाने जाते, सरळ जाते, अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी सांभाळून घेते. पण वारा तिला हवं तिकडे ढकलतो आणि सातशे-आठशे मीटरपुढे तिचा दम संपतो. जड गोळी सावकाश जाते, जास्त खाली येते, खांद्याला दणका देते आणि नळी लवकर झिजवते. पण वाऱ्याला दाद देत नाही आणि लांबवर पोचते तेव्हा तिच्या अंगात जोर शिल्लक असतो. दोन्हीतली कुठलीही निवडा, काहीतरी सोडावंच लागतं. मास्तरांचं मत पक्कं होतं आणि बैठकीत, जेवणाच्या सुट्टीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते मांडायला ते कमी करत नसत. बायको त्या गोळीला आपली सवत म्हणे.

अकराव्या वर्षी वरच्या साहेबांनी होकार दिला. लॉट भरला गेला. यंत्राच्या चाचण्या पार पडल्या आणि शेवटची चाचणी राहिली, ती माणसाच्या खांद्यावरून व्हायची. तीनशे मीटर, तीस गोळ्या, सगळ्या तळहाताएवढ्या वर्तुळात. एक बाहेर गेली तर लॉट परत, आणि साहेबांनी आधीच सुनावलं होतं की लॉट परत गेला तर हलकी गोळी आहे तीच चालू राहील.

या चाचणीचा एक जुना नियम होता. गोळी सुटली की परीक्षकाने शेजारच्या तिवईवरच्या दुर्बिणीतून पाहण्याआधी ती कुठे गेली असेल ते मोठ्याने सांगायचं. मधली, उजवीकडे एक बोट, जे हाताला वाटलं असेल ते. चाप ओढताना आपलाच हात चुकला असेल तर तेही पाहण्याआधीच सांगायचं; मग ती गोळी मोजत नाहीत आणि एक जादा मिळते. पाहिल्यानंतर सांगितलेल्या चुकीला किंमत नाही. ती गोळी काडतुसाच्या खात्यावर जाते. नियम सगळा माणसाच्या शब्दावर उभा होता, कारण लक्ष्य फक्त परीक्षकाच्याच दुर्बिणीतून दिसे.

तेरा गोळ्या झाल्या. मास्तरांनी चौदावी सोडली. श्वास जागेवर होता, खांदा जागेवर होता, चाप काचेची काडी मोडावी तसा स्वच्छ सुटला होता. 'मधली' हा शब्द तोंडात तयार होता. पण तेराही गोळ्या इतक्या सुरेख बसल्या होत्या की त्यांना राहवलं नाही. तोंडाआधी डोळा दुर्बिणीला लागला. गोळी चार बोटं खाली, वर्तुळाच्या बाहेर होती.

"माझी चूक," मास्तर म्हणाले होते. "चाप खेचला गेला."

मागे आठ माणसं खुर्च्यांवर बसली होती. कुणी हूं की चूं केलं नाही. जादा गोळी मिळाली आणि ती मध्यावर बसली. लॉट पास झाला. नंतर चहा घेताना एका बड्या अधिकाऱ्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं की अकरा वर्षांचं काम पणाला लागलेलं असताना माझी चूक म्हणायला छाती लागते. ती गोष्ट तिथून जी निघाली ती थांबली नाही. प्रशिक्षण शाळेत ती पहिल्या दिवशी सांगू लागले. मुलीच्या साखरपुड्यात बायकोने ती व्याह्यांना सांगितली आणि व्याही म्हणाले, अशा घरची मुलगी मिळाली म्हणजे आम्हाला आणखी काय हवं. मास्तर तेव्हा पानाचं तबक पुढे करत होते. त्यांनी तबक पुढे केलं.

आपलाच हात चुकला असेल, असं त्यांनी स्वतःला बरेच दिवस समजावलं. पण दोन आठवड्यांनी ते दारू भरायच्या विभागातून जात होते, तेव्हा यंत्राच्या नरसाळ्याजवळ एक कामगार लाकडी ठोकणी घेऊन बसलेला दिसला. नरसाळ्यावर तो सारखं हलकंच ठोकत होता. लांब जड गोळी काडतुसात खोलवर बसते, दारूची जागा खाते; म्हणून तिच्यासाठी वेगळी, लांब दाण्याची, सावकाश जळणारी दारू घ्यावी लागली होती. ते दाणे नरसाळ्याच्या गळ्यात आडवे अडकत. मग एखाद्या काडतुसात दारू चिमूटभर कमी पडे, आणि बाहेरून बघून ते कुणाला कळत नसे. विभागप्रमुखाने मास्तरांकडे पाहिलं आणि काही न बोलता दुसरीकडे नजर वळवली. पुढच्या लॉटपासून दोष गेला. मागच्या लॉटचं नाव कुणी काढलं नाही. तीनशे मीटरवर चार बोटं म्हणजे आठशेवर दीड हात, हा हिशेब करायला मास्तरांना कागद लागत नव्हता. त्यांनी तो कधी केला नव्हता इतकंच.

"ही तीन मारून बघू," ते आता म्हणाले.

नेमबाज रायफलला हात लावायला तयार नव्हता. मास्तरच चटईवर आडवे झाले. गुडघे कुरकुरले. आपण काय मागतो आहोत हे त्यांना कळत होतं : तिन्हींतली एक तरी खाली जावी. सबंध आयुष्यात त्यांनी गोळी वाकडी जावी म्हणून नेम धरला नव्हता. पहिली सुटली. "मधली," ते म्हणाले आणि मग पाहिलं. दुसरी. तिसरी. तिन्ही मिळून बाटलीच्या झाकणाखाली झाकल्या गेल्या असत्या.

नेमबाजाने दुर्बिणीतून पाहिलं आणि मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. डॉक्टरांनी ओळखलेलं दुखणं दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं की माणूस जसा गप्प होतो, तसा तो गप्प झाला.

"म्हणजे मीच," तो म्हणाला.

"तीनवरून काही ठरत नाही," मास्तर उठत म्हणाले. "त्या लॉटमध्ये सगळीच काडतुसं वाईट नाहीत. तिसातलं एखादं असेल. तू ती गोळी सोडलीस तेव्हा तुला हाताला काय वाटलं होतं?"

नेमबाजाने चटईवरची रिकामी डबी उचलली.

"खरं सांगू का? स्वच्छ वाटली होती. जोडीदार म्हणाला, खाली, दीड हात. मी म्हटलं शक्यच नाही. रात्री नोंदवहीत लिहायला बसलो तेव्हा पहिल्यांदा लिहिलं, काडतूस संशयास्पद. मग तुमची गोष्ट आठवली." तो किंचित हसला. "म्हटलं, तिकडे मास्तर आठ माणसांसमोर माझी चूक म्हणतात, आणि मी इथे माणूस गमावून काडतुसावर ढकलतोय. ती ओळ खोडली आणि लिहिलं, चाप खेचला गेला. तुमचेच शब्द लिहिले."

मास्तरांनी मैदानाकडे पाहिलं. तीनशे मीटरवर कागद वाऱ्याने हलत होता.

"ती माझी चूक नव्हती," ते म्हणाले.

"काय?"

"ती चौदावी गोळी. माझा हात चुकला नव्हता. काडतूस वाईट होतं. मी तसं सांगायला हवं होतं."

नेमबाजाने त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात संशय असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. तिथे नुसती माया होती.

"उस्ताद म्हणालेच होते," तो म्हणाला. "म्हणाले, तू जा, पण मास्तर काहीतरी करून दोष स्वतःवर घेतील, त्यांना ती खोडच आहे. राहू द्या, मास्तर. माझ्यासाठी तुम्ही तुमचं नाव कशाला घालवता?"

"मी तुझ्यासाठी म्हणत नाहीये."

"बरं."

"अरे, मी आधी दुर्बिणीतून पाहिलं आणि मग बोललो."

"हो, मास्तर," तो म्हणाला. म्हातारं माणूस एकच गोष्ट पुन्हा सांगू लागलं की घरातली धाकटी माणसं ज्या आवाजात हो म्हणतात, तो आवाज होता. मग वाकून त्याने मास्तरांच्या गुडघ्यांना लागलेली धूळ झटकली आणि त्यांना काही कळायच्या आत रायफल पेटीत ठेवायला घेतली. पलटणीची गाडी तासाभराने होती. अर्जावर तेवढी सही झाली की तो बाहेर बाकावर थांबणार होता.

मास्तर अर्ज घेऊन नोंदणीच्या खोलीत गेले. तिथे बाई बसत. चाचणीची वही एकोणीस वर्षं त्यांच्याकडे होती. गोळी सुटली की परीक्षक जे म्हणेल ते त्या लिहीत; त्यांची खुर्ची परीक्षकाच्या डाव्या हाताला, दोन पावलांवर असे. कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या तर लागेल असं. एकदा एका साहेबांनी चाचणीला उशिरा येऊन वेळेवर आल्याची नोंद करायला सांगितलं, तर त्यांनी घड्याळ काढून साहेबांच्या हातात दिलं होतं की आधी याला सांगा.

"सही करून झाली?" त्यांनी विचारलं.

"बाई, जड गोळीच्या पहिल्या लॉटची वही काढता का?"

त्या उठल्या. कपाटातली वही शोधावी लागली नाही. ती वरच्याच खणात होती. पान उघडून त्यांनी ती टेबलावर फिरवून ठेवली.

"चौदावी," मास्तर म्हणाले. "मी पाहिल्यानंतर बोललो होतो."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या.

बाहेर कुणीतरी हातगाडी ओढत नेत होतं. बाईंनी चौदाव्या ओळीवर बोट ठेवलं.

"तेरा वेळा तुम्ही डोकं न हलवता बोललात. चौदाव्या वेळी डोकं आधी हललं." त्यांनी पानावरची टोपण लावलेली शाईची पेन बाजूला केली. "मी पेन टेकवून थांबले होते. वाटलं, मागून कुणीतरी बोलेल. कुणीच बोललं नाही, मग मीही लिहिलं. मला काय, शब्द लिहायचा पगार, असं म्हटलं मनाशी. पुढे ती गोष्ट सगळे सांगायला लागले तेव्हा मी डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसायला लागले. तुमच्या लक्षात आलं नसेल."

ते मास्तरांच्या लक्षात आलं होतं. बाईंना पदोन्नती मिळाली नाही म्हणून त्या फटकून वागतात, असं त्यांनी घरी सांगितलं होतं.

"त्या लॉटच्या किती पेट्या अजून बाहेर आहेत?"

"एक्केचाळीस. सकाळी त्या पोराचा अर्ज आला तेव्हाच पाहून ठेवलं."

"मग लिहा. लॉट थांबवावा, परत मागवावा. कारण..."

"मी नाही," बाई म्हणाल्या, आणि पेन त्यांच्यापुढे सरकवली. "ते तुमच्या अक्षरात असू द्या."

मास्तर बसले. चौदाव्या ओळीशेजारच्या कोऱ्या जागेत त्यांनी लिहिलं. त्यांना वाटलं होतं बरंच लिहावं लागेल, पण सगळं तीन ओळींत मावलं. गोळी चार बोटं खाली गेल्याचं दुर्बिणीतून पाहिलं. पाहिल्यानंतर आपली चूक असल्याचं सांगितलं. हाताची चूक झाली नव्हती. खाली सही केली, आजची तारीख घातली. वेगळ्या कागदावर लॉट थांबवण्याची सूचना लिहिली आणि तिच्यावरही सही केली. अर्जावरच्या रकान्यात लिहिलं, रायफल निर्दोष. काडतुसांचा लॉट सदोष, नोंदवही पाहावी. मग दारात जाऊन त्यांनी नेमबाजाला हाक मारली.

तो कोटाच्या लांब बाह्या मागे सारत आत आला. बाईंनी वही त्याच्याकडे फिरवली. तो उभ्यानेच वाचू लागला. आधी चेहऱ्यावर तीच मघाची माया होती. दुसऱ्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. तो पुन्हा पहिल्या ओळीवर गेला, पुन्हा खाली आला. मग त्याने बाईंकडे पाहिलं.

"तुम्ही होतात तिथे?"

"होते."

"हे असंच झालं?"

"असंच झालं."

त्याने मास्तरांकडे पाहिलं नाही. पाहणं टाळलं असंही नाही. खोलीत ते आहेत हेच जणू आता कामाचं राहिलं नव्हतं. तो खुर्ची ओढून बसला. आल्यापासून पहिल्यांदा. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले, नेम धरण्यापूर्वी ठेवतात तसे, आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. मास्तर भिंतीला टेकून उभे होते. त्याने शिवी दिली तर ती घ्यायची, त्यांनी ठरवलं होतं. हात उचलला तरी मागे सरायचं नाही, हेही ठरवलं होतं. त्यांनी घसा साफ केला.

"बाई," नेमबाज म्हणाला, "माझीही एक गोळी लिहून घेता येईल का? पाच महिन्यांपूर्वीची आहे."

बाईंनी कोरा कागद घेतला.

"अंतर?"

"आठशे दहा."

"वारा?"

"नव्हता."

"गोळी कुठे गेली?"

"कठड्यावर, दीड हात खाली, असं जोडीदाराने पाहिलं," तो म्हणाला. मग थांबला. "मी न पाहता सांगितलेली लिहा. मधली. मी सोडली तेव्हा ती मधली होती."

बाईंनी लिहिलं, आणि सहीसाठी कागद त्याच्यापुढे ठेवला. साक्षीदाराची एक जागा खाली रिकामी होती. मास्तर एक पाऊल पुढे आले. बाईंनी पेन उचलली आणि तिथे स्वतःचं नाव घातलं.